रेघेवरचा चेंडू

"दिनकर, आपण घर बघायला चाललोय का मॅच बघायला?" निपाणी मागं पडल्यावर कमलाआत्तीनं विचारलं.

"दोन्ही," आबा म्हणाले. "तू घर बघ. मी ग्राउंड बघतो."

"आणि ही?"

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ही माझ्यासंगट."

आबांची दुधाची मॅटॅडोर होती. पुढं आम्ही तिघं, म्हणजे आबा, त्यांची थोरली बहीण कमलाआत्ती आणि दोघांच्या मध्ये गिअरला गुडघे टेकवून मी. मागं गल्लीतली माणसं दुधाचे कॅन पालथे घालून त्यावर बसली होती. प्रत्येकाच्या हातात पिवळा झेंडा. पिवळा आमच्या कॉलेजचा रंग. त्यांतल्या एकानंही कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं. आबा चौथी पास होते, पण मी तिथं ॲडमिशन घेण्याच्या कितीतरी आधीपासून ते त्या कॉलेजचे होते. कोल्हापुरात हे असं असतं. माणूस शाळा सोडतो, टीम सोडत नाही.

त्या वर्षी मी बी. ए. होऊन घरी बसले होते आणि गडहिंग्लजच्या नलवड्यांच्या अरविंदचं स्थळ आलं होतं. तो पाटबंधारे खात्यात नोकरीला होता. आमच्याकडं येऊन मला बघून गेला होता, पसंती कळवली होती. आता रिवाजाप्रमाणं मुलीकडच्यांनी जाऊन घर बघायचं. या कार्यक्रमाला मुलीनं जायचं नसतं. लग्नाआधी मुलगी सासरचा उंबरा ओलांडत नाही. तो तिनं एकदाच ओलांडायचा, लग्नाच्या दिवशी, उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायानं लवंडून.

पण त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या स्पर्धेतली आमची शेवटची मॅच गडहिंग्लजला, तिथल्या कॉलेजशी होती. आबांना हा दैवी योग वाटला. एका डिझेलमध्ये दोन कामं. आणि मॅचला मी नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी त्यांची एकुलती एक. इतरांच्या मुली बापाच्या खांद्यावरून जत्रा बघायच्या, मी कॉर्नर बघितले. आईनं डोक्याला हात लावला आणि शेवटी एवढंच म्हणाली, "न्यायचीच असंल तर न्या. पण तिनं उंबरा ओलांडायचा न्हाई. पाय बाहेरच ऱ्हायला पायजे."

"पूर्ण पाय का अर्धा?" आबांनी विचारलं होतं. त्यावर आई दोन दिवस बोलली नव्हती.

हे पूर्ण आणि अर्धं आमच्या घरातलं जुनं होतं. मी शाळेत जात नव्हते तेव्हा आबांनी स्वैपाकघरात पिठाची रेघ ओढून लिंबावर मला नियम शिकवला होता. लिंबू रेघेला नुसतं टेकलेलं असलं तरी गोल नाही. अर्धं आत, अर्धं बाहेर, तरी नाही. पूर्ण चेंडू, पूर्ण रेघ. लोकांच्या मुली पाढे म्हणायच्या तेव्हा मी हे म्हणायचे. पाढे अजून कच्चेच आहेत.

संकेश्वर आलं तशी कमलाआत्ती माझ्याकडं वळली. "वैजू, खरं सांग. मुलगा आवडलाय नव्हं?"

"व्हय."

"काय आवडलं?"

आता हे आत्तीला कसं सांगायचं? बघायला आला तेव्हा सगळ्यांनी त्याला, विचार काही विचारायचं असेल तर, असा आग्रह केला होता. स्वैपाक येतो का, भरतकाम येतं का, यांतलं काहीतरी येणार म्हणून मी तयारीत होते. शेवटी तो म्हणाला, "आमचा धाकटा सत्या गोलकीपर आहे. घरात सारखं ऑफसाईड, ऑफसाईड चालतं. मला ते काय असतं कळत नाही. विचारायची लाज वाटते. तुम्हाला माहीत आहे का?" मी पोह्याच्या बशा मांडून त्याला ऑफसाईड समजावून सांगितलं. त्याला कळलं नाही. पण त्यानं कळल्यासारखं केलं नाही, पुन्हा विचारलं. मला तिथंच तो आवडला.

"स्वभाव," मी आत्तीला म्हणाले.

"स्वभाव घर बघितल्याशिवाय कळत न्हाई. चुलीमागची भिंत बघावी लागती," आत्ती म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

नलवड्यांचं घर कॉलेजच्या मैदानाला लागूनच होतं. ही गोष्ट आबांनी घरच्या इतर चांगल्या गोष्टींत सगळ्यात वर धरली होती. ते आणि आत्ती आत गेले. मी अंगणात तुळशीकट्ट्याशेजारी खुर्चीवर. मागची माणसं गाडीतच बसून राहिली, कारण ती शत्रूच्या गावात होती आणि सोयरीक झाली तर पाहुण्यांच्या. नक्की काय ते ठरलं नसल्यानं त्यांनी झेंडे गुंडाळून मांडीखाली घेतले होते.

अरविंदची आई, इंदूमावशी, माझ्यासाठी चहा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्यामागं दोन मुलं वाढवलेली बाई. आवाज खणखणीत.

"आत ये म्हणता येत न्हाई बघ तुला," त्या म्हणाल्या. "पर अंगणात तरी पाय लागला. आज आमच्या सत्याची मॅच हाय. बघूया पाव्हणीचा पायगुण."

मी चहाचा घोट घेतला तो तसाच तोंडात राहिला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवी सून घरात आली आणि म्हैस व्याली तर चांगला पायगुण, म्हैस आटली तर वाईट. मी तर अजून सूनही नव्हते आणि माझी म्हैस दुसऱ्या बाजूनं खेळत होती. आमची टीम जिंकली असती तर मी पांढऱ्या पायाची ठरले असते, आणि पायगुणावर मोडलेली लग्नं मी गल्लीत बघितली होती. आमची टीम हरली असती तर ते मला नको होतं. मला मॅच हवी होती आणि अरविंदही हवा होता. दोन्ही एका दिवशी मिळण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात सत्या आतून आला. एकोणीस-वीसचा, ताडमाड, हातमोजे घालूनच लाडू खात होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुमचा टायगर हेडिंग कुठल्या बाजूला मारतो?"

टायगर म्हणजे आमचा रणजित साळोखे, सेंटर फॉरवर्ड. त्याचं प्रत्येक हेडिंग मला ठाऊक होतं.

"जाळ्यात," मी म्हणाले.

सत्या हसला. लाडू संपवून गेला. मागून अरविंद आला, दोन पावलांवर थांबला, खुर्चीकडं बघून म्हणाला, "उन्हात आहे खुर्ची. मैदानावर कडुलिंबाखाली सावली असते. तिथं बसा." आणि स्वतःच खुर्ची उचलून निघाला.

त्या खुर्चीनं सगळा घोटाळा केला. कडुलिंब गोलाच्या अंगाला, गोलाच्या रेघेच्या अगदी टोकाला होता. तिथून खांब आणि पलीकडचा खांब एकामागं एक दिसायचा. मॅच बघायला त्याहून वाईट जागा नाही. समोरून येणारं काहीच कळत नाही, रेघ तेवढी कळते. माझ्या एका बाजूला इंदूमावशी, दुसऱ्या बाजूला कमलाआत्ती. आमची पिवळी माणसं मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, मधल्या रेघेजवळ. त्यांच्यात आबा.

गणित साधं होतं. गडहिंग्लजला बरोबरी पुरत होती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. मैदानाला नदीकडं उतार, आणि टॉस हरल्यामुळं पहिल्या हाफात आम्ही चढावर. चढावर आमच्या पोरांनी गोल खाल्ला नाही, यातच मी देवाचे आभार मानले. मनात. त्या दिवशी माझं सगळं मनातच होतं. बाकीच्या मॅचना माझा आवाज चार माणसांचा असतो. इथं सासूच्या शेजारी पदर घेऊन बसून मी शेंगा सोलत होते. त्यांच्या कॉर्नरला इंदूमावशींनी टाळ्या वाजवल्या की मीही दोन वाजवायचे. आमचा चेंडू बाहेर गेला की हळहळ गिळायची. एकदा टायगरला मागून पाडलं तेव्हा तोंडून "अरे तुझ्या" एवढं निसटलं. पुढचं मी शेंगेबरोबर खाल्लं.

"काय म्हणालीस?" इंदूमावशींनी विचारलं.

"शेंग खवट निघाली."

दुसऱ्या हाफात उतार आम्हाला मिळाला आणि सत्या माझ्या बाजूच्या गोलात आला. मग मॅच एकाच टोकाला चालली. चेंडू गडगडत यायचा आणि सत्या तो काढायचा. पोरगं चांगलं होतं, हे कबूल करावं लागेल. मी मनात एकदा म्हणायचे, घाल बाबा एक. लगेच म्हणायचे, नको. पुन्हा म्हणायचे, घाल. देवाला त्या दिवशी माझं काय करायचं ते कळलं नसणार.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना डावीकडून उंच चेंडू आला. टायगर उडाला. हेडिंग आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला आपटलं, चेंडू सरळ खाली पडला, रेघेची फक्की पांढरी उडाली, सत्या मागं कोलमडत जाळ्यात गेला आणि तिथून हात लांब करून त्यानं चेंडू पोटाशी ओढला आणि बाहेर फेकला.

पलीकडची पिवळी माणसं गोल म्हणून आत धावली. गडहिंग्लजची हिरवी माणसं नाही म्हणून आत धावली. रेफरी मगदूम सर मधल्या रेघेवर होते, वयस्कर माणूस, उतारावर मागं राहिलेले. रेघेवर नजर ठेवायला प्रत्येक कॉलेजचा एकेक माणूस दिलेला असायचा. या टोकाला होता तो गडहिंग्लजचा. त्यानं निशाण वर केलं नाही. केलं असतं तर त्याला घरी जेवण मिळालं नसतं, असं आमच्या बापू मिस्त्रीनं मोठ्यानं सांगितलं. मग कॉलर धरली गेली. कुणाची ते आधी कळलं नाही, नंतर सगळ्यांचीच धरली गेली. मैदानाच्या कडेला रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. दोन्हीकडची पोरं तिकडं बघायला लागली.

मगदूम सरांनी शिट्टी वाजवून वाजवून थुंकी संपवली. कुणी ऐकेना. तेवढ्यात मला आबांचा आवाज आला. तो आवाज गर्दीतून कापत येतो, तो मला लहानपणापासून ओळखीचा होता.

"सर, आमची पोरगी रेघेवर बसलीया. तिला विचारा. माझी पोरगी हाय. ती खोटं बोलायची न्हाई."

सगळं मैदान कडुलिंबाकडं वळलं.

आता वाटलं, इंदूमावशी आडव्या येतील. मुलगी कोल्हापूरची, झेंडेवाल्यांच्या गाडीतून आलेली. पण त्या उठून उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "विचारा की. ती काय तुमचीच हाय? आमचीबी हाय."

असं दोन्हीकडच्यांचं एकमत झालं. पिवळ्यांना वाटलं, इंगवल्यांची वैजू, आपलीच. हिरव्यांना वाटलं, नलवड्यांची सून, आपलीच. माझ्यावर इतका विश्वास एका वेळी इतक्या माणसांनी पुन्हा कधी टाकला नाही.

मगदूम सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाळ, हे नियमात बसत नाही," ते हळू म्हणाले. "पण ती खडीही नियमात बसत नाही. तू बघितलंस?"

"बघितलो," मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.

"काय बघितलंस?"

मी आबांकडं बघितलं. ते घामेजलेले, झेंडा खांद्यावर, चेहरा निवांत. मॅच जिंकलेल्या माणसाचा चेहरा. मला तो चेहरा तसाच ठेवावा असं फार वाटलं. पण मी लिंबू बघितलं होतं.

"चेंडू रेघेवर पडला," मी म्हणाले. "पूर्ण आत गेला न्हाई. गोल न्हाई."

हिरव्यांचा जो गलका झाला, त्यात आबांचा चेहरा मला दिसेनासा झाला. मॅच बरोबरीत सुटली. ते पुढं गेले, आम्ही बाहेर.

इंदूमावशींनी मला तिथंच मिठी मारली. "सोनं हायस," त्या कानात म्हणाल्या. "आपल्या घरासाठी बोललीस. बापाच्या तोंडावर बोललीस. मला अशीच सून पायजे होती."

"मावशी, मी खरं तेच सांगितलो."

"व्हय की. असंच म्हणायचं. कुणीबी विचारलं तरी असंच म्हणायचं." आणि त्यांनी माझा हात दाबला.

सत्या गळ्यात हार घालून आला. "वहिनी, तुमचे उपकार. चेंडू आत होता ओ. माझी पाठ जाळ्याला लागली होती."

"तुझी पाठ आत होती. चेंडू रेघेवर होता."

"बरं, तसं," तो म्हणाला आणि डोळा मिचकावून गेला.

अंगणात, उंबऱ्याच्या बाहेर, खणनारळानं माझी ओटी भरली. लग्न ठरलं. ज्या खोटेपणाबद्दल माझी निवड झाली, तो मी केलाच नव्हता. ओटीतला नारळ मला धोंड्यासारखा जड लागत होता. अरविंद खुर्ची परत आणून ठेवत होता. त्यानं इकडं तिकडं बघून विचारलं, "पूर्ण आत जावा लागतो काय चेंडू?"

"पूर्ण."

"आणि पूर्ण गेला नव्हता?"

"न्हाई."

"मग झालं की," तो म्हणाला. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून असेल, पण त्या दिवशी गडहिंग्लजात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच माणूस होता.

परतीच्या वाटेवर कमलाआत्ती चुलीमागच्या भिंतीबद्दल बोलत होती. भिंत स्वच्छ होती. हंड्यांना कल्हई होती. आबा गाडी चालवत होते. मागं कॅनवर बसलेले झेंडे गुंडाळत होते. निपाणीच्या अलीकडं बापू मिस्त्री कुणालाही न बोलल्यासारखा म्हणाला, "शेवटी लेक म्हणजे परक्याचं धन."

मी वाट बघितली. आबा या म्हणीवर एरवी माणसाला गाडीतून उतरवतील. त्यांनी गिअर बदलला.

"आबा," मी म्हणाले, "चेंडू रेघेवर होता."

"बरं," ते म्हणाले.

आमच्या घरात बरं हा शब्द भांडण मिटवायला नाही, पुरायला वापरतात. तो विषय तिथं पुरला गेला. नंतर लग्नाची तयारी झाली. आबांनी कशात हात आखडला नाही. दागिने घडवले, पत्रिका वाटल्या, माझ्या चपलेचा अंगठा घट्ट होतो म्हणून स्वतः जाऊन बदलून आणली. फक्त मॅचला जाताना मला हाक मारेनासे झाले. कोपऱ्यावरून मैदानाचा आवाज घरात यायचा. मी गोल झाला की आवाजावरून ओळखायचे कुणाचा ते. संध्याकाळी ते आले की मी विचारायचे, "काय झालं?" ते म्हणायचे, "जिंकलो" किंवा "हरलो". कसं ते सांगायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं. त्यांना मी हरवलं याचं नाही, मॅच काय, पुढच्या वर्षी असते. माझी पोरगी खोटं बोलायची नाही, हे ते हजार माणसांत ओरडून बोलले होते, आणि आता त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास राहिला नव्हता. एकदा वाटलं, लग्नच मोडावं, म्हणजे कळेल. मग वाटलं, अरविंदनं काय केलंय. त्यानं तर खुर्ची सावलीत ठेवली.

लग्न गडहिंग्लजलाच, मुलाच्या दारी झालं. आमच्या भागात तसंच करतात. मॅटॅडोरमधून दुधाचे कॅन उतरवून वऱ्हाड बसवलं होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, ऊन कललं. आता मुलीनं घरात जायचं आणि माहेरच्यांनी निघायचं. आबा फेटा बांधलेला तसाच, गाडीच्या दाराशी उभे होते. मुलगी आत जाईपर्यंत थांबायचं आणि मग गाडी सुरू करायची, एवढंच त्यांचं काम राहिलं होतं.

उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं पितळी माप ठेवलं होतं. इंदूमावशी आत ओवाळणीचं ताट घेऊन. त्यांना आता मी आत्याबाई म्हणायचं होतं. माझ्यामागं कमलाआत्ती, सत्या, बापू मिस्त्री आणि दोन्ही गावं.

"उजवा पाय," कमलाआत्ती म्हणाली. "हळू. लाथ मारायची न्हाई. नुसतं लवंडायचं."

मी हळू पाय लावला. फार हळू. माप लवंडलं, थोडे तांदूळ आत सांडले. माप अर्धं फिरलं, दगडी उंबरा मधोमध झिजून खळगा पडला होता त्यात बसलं आणि थांबलं.

सगळेच एकदम बोलायला लागले.

"गेलं, गेलं आत," आत्याबाई म्हणाल्या. "ये पोरी."

"कुठं गेलं?" कमलाआत्ती म्हणाली. "हे काय दिसतंय की. अपशकून नको उगंच."

"तांदूळ आत सांडलेत म्हणजे आत गेलं," सत्या म्हणाला.

"बाहेर हाय," बापू मिस्त्री म्हणाला. तो मागच्या मॅचचा अजून हिशेब ठेवून होता.

मी एक पाय उचललेला, तसाच अधांतरी ठेवून उभी. अरविंद शेजारी उपरण्याच्या गाठीनं बांधलेला. त्यानं हळूच विचारलं, "याला पण पूर्ण लागतं काय?" आणि त्याच वेळी माझ्या मागची गर्दी बाजूला व्हायला लागली.

आबा येत होते. गर्दीकडं, माझ्याकडं, कुणाकडंच न बघता ते सरळ चौकटीपाशी आले. धोतर सावरून खाली बसले. मान वाकडी करून, एक डोळा मिटून, त्यांनी उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावली. तसे ते बराच वेळ बसून राहिले. इतका वेळ, की आत्याबाईंच्या ताटातलं निरांजन फडफडायला लागलं तरी कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. मग ते उठले, गर्दीत चार पावलं मागं गेले, तिथून तिरकं बघितलं. पुन्हा येऊन त्याच जागी बसले.

"रेघेवर हाय," ते म्हणाले. "पूर्ण आत न्हाई."

"मला तर आत दिसतंय," सत्या म्हणाला.

"तिकडनं आतच दिसायचं." आबांचा आवाज त्या दिवसासारखा नव्हता, अगदी साधा होता. "तिकडनं मलाबी आतच दिसलं हुतं. हितं बसलेल्यालाच खरं दिसतंय."

बापू मिस्त्रीनं खाली बघितलं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग सत्याकडं, मग ताटाकडं. त्यांना उशिरा का होईना, काहीतरी कळलं असावं. मला समोरचं दार, ताट, कुणाचेच चेहरे नीट दिसेनात. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"मग आता काय करायचं, पाव्हणं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय करायचं? पुन्हा."

आबांनी सांडलेले तांदूळ ओंजळीनं गोळा केले, माप भरलं, उंबऱ्यावर मधोमध नीट उभं केलं. मग माझ्याकडं वर बघितलं. कित्येक महिन्यांनी त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

"वैजू, हळू मारू नकोस. पायाच्या आतल्या अंगानं मार. शिकवलोय तसं."

मी मारलं. माप उंबरा सोडून उडालं, सोप्यातल्या खुर्चीखालून गेलं आणि स्वैपाकघराच्या चुलीमागच्या त्या स्वच्छ भिंतीवर जाऊन आपटलं. तांदूळ साऱ्या घरभर झाले.

आबा उठले, गुडघे झटकले.

"आता आत," म्हणाले आणि गाडी सुरू करायला गेले.